झाकल्या हंडीचा बटाटा

एका राज्यात अंधाराला थारा नव्हता. घरांना दारं होती, पण ती कुणी लावत नसे. दिवस मावळला की घरोघर एवढे दिवे पेटत, की घुबडं केव्हाच दुसऱ्या मुलखात निघून गेली होती. राजाचं नाव अर्कसेन. वंश सूर्याचा, निशाणावर सूर्य, आणि खरं सांगायचं तर डोक्यातही थोडं ऊन चढलेलं. माणूस वाईट नव्हता. पण ज्याच्या वाडवडिलांनी सात पिढ्या एकच गोष्ट खरी मानली, त्याला दुसरी गोष्ट दिसायला वेळ लागतो.

राजवाड्यासमोर काळ्या दगडाचा एक लांबरुंद ओटा होता. त्याला सूर्यओटा म्हणत. अन्न शेतातून येवो की परमुलखातून, ते आधी ओट्यावर मांडायचं, त्याला सात दिवसांची सात उन्हं दाखवायची आणि मगच चुलीपाशी न्यायचं. सूर्याने पाहिलं ते शुद्ध, न पाहिलं ते अन्नच नव्हे. त्यामुळे जमिनीखाली वाढणारी मुळं नि कंद तिथे कुणी लावत नसे. गहू, तांदूळ, डाळी, मिरच्या यांचं या रिवाजाने भलंच होई, कीड म्हणून लागत नसे. पालेभाजीचा मात्र पाचोळा होई आणि तो पाचोळा लोक भक्तिभावाने खात. रिवाजाचं असंच असतं. नव्याण्णव ठिकाणी तो उपयोगी पडतो, म्हणून शंभराव्या ठिकाणी त्याला कुणी जाब विचारत नाही.

नऊ वर्षांपूर्वी राजाला मुलगी झाली. नाव ठेवलं अरुणिका. बारशाला देशोदेशीचे पाहुणे आले. कुणी मोत्यांचा पाळणा आणला, कुणी बोलक्या बाहुल्या आणल्या. सर्वांत शेवटी धुक्याच्या पठारावरून एक म्हातारी आली. तिला कंदाई म्हणत. तिला जादू येत असे, पण ती क्वचित करी, कारण तिचा बहुतेक वेळ शेतात जाई. तिने राजापुढे घोंगडीने झाकलेली टोपली ठेवली. आत मातीने माखलेले, ओबडधोबड, तपकिरी गोळे होते.

"हे काय?" राजाने विचारलं.

"बटाटे," कंदाई म्हणाली. "उकडावे, मीठ लावावं, खावे. हलक्या जमिनीत येतात, एकाचे दहा होतात. गरिबाला परवडतात आणि राजालाही पचतात. तुझी लेक यावर वाढू दे. फक्त झाकून ठेवा. ऊन दाखवू नका."

हे शेवटचं तिने तीनदा सांगितलं. एकदा राजाला, एकदा प्रधान तेजोनिधीला, आणि एकदा मुदपाकखान्यात जाऊन चुलीवरच्या बाईला. राजाने हसून मान डोलावली. प्रधानाने टोपली उचलली आणि सरळ सूर्यओट्यावर नेऊन पालथी केली.

सात दिवस बटाटे उन्हात पडून राहिले. आठव्या दिवशी ते हिरवे झाले होते. दरबारी म्हणाले, "वा! सूर्यदेवाने पाचूचा रंग चढवला!" बटाटे शिजले, पंगत बसली, आणि ताक येण्याआधीच राजासकट सगळी पंगत पोट धरून आडवी झाली. कळा, उलट्या, घेरी. कुणी दगावलं नाही इतकंच.

"विषप्रयोग," प्रधान म्हणाला.

धर्मशाळेत उतरलेल्या कंदाईला दरबारात आणलं आणि हद्दपारीचा हुकूम झाला. त्या राज्यात हद्दपारीचाही रिवाज होता. ज्याला बाहेर काढायचं त्याचे जाताजाताचे शब्द अशुभ मानत, ते कानी पडू नयेत म्हणून बारा नगारे वाजवत. राजाने हात उंचावला आणि नगारे सुरू झाले. म्हातारीचे ओठ हलताना सगळ्यांना दिसले. ती काय म्हणाली ते कुणाला कळलं नाही, आणि कळून घ्यावंसंही वाटलं नाही.

पहिल्या वर्षी लोकांची भूक वाढली. हवा मानवली, असं सगळे म्हणाले. दुसऱ्या वर्षी माणसं दुप्पट जेवू लागली. तिसऱ्या वर्षी राणी गेली. ती गेली तेव्हा तिच्यापुढे एकवीस पदार्थांचं ताट होतं आणि ते तिने अर्धं संपवलं होतं. ताटं भरत होती, पोटं भरत नव्हती. शेतं डोलत होती, आणि ती कापणारे हात मात्र काटक्यांसारखे झाले होते. आपल्याला झालंय काय, हे कुणालाच समजेना.

पंगतीत एक शब्द असतो. वाढणारा आग्रह करतो, जेवणारा ताटावर आडवा हात धरतो आणि म्हणतो, "पुरे." तो शब्द त्या राज्यातून हळूहळू नाहीसा झाला. कुणी बंदी घातली नव्हती, कुणाला तो म्हणायची वेळच येत नव्हती. अरुणिका तर तो न ऐकताच बोलायला शिकली.

आईमागे तिला वाढवलं म्हाळसाने. म्हाळसा म्हणजेच ती मुदपाकखान्यातली चुलीवरची बाई. राजकन्या तिला 'माय' म्हणे. म्हाळसाच्या मनात एक गोष्ट नऊ वर्षं सलत होती. त्या दिवशी ते बटाटे तिनेच शिजवले होते. साल काढताना तिने हिरवा रंग पाहिला होता, कणभर जिभेवर ठेवला होता, तो कडूजहर लागला होता. पण सात उन्हं दाखवलेल्या अन्नावर शंका घ्यायची पद्धत नव्हती. ती गप्प राहिली आणि तिने झाऱ्याने वाढायला काढले.

नवव्या वर्षी अरुणिकेने अंथरूण धरलं. ती बत्तीस घास खाई आणि तेहेतिसाव्यासाठी तोंड उघडे, पण मान उचलायची ताकद तिच्यात नव्हती. राजवैद्य म्हणाले, "फार तर पंधरा दिवस."

त्या दुपारी म्हाळसा धुराड्याखाली बसून रडली. धुराड्यावर एक म्हातारी साळुंकी राहत असे. म्हाळसाने सवयीने तिच्यापुढे भाताची चार शितं टाकली.

"नको," साळुंकी म्हणाली. "त्यात काही नाही."

"काही नाही म्हणजे काय?" म्हाळसाने डोळे पुसले. "नऊ वर्षं मी हा भात रांधतेय. या राज्याला झालंय तरी काय?"

"असं विचारा की," साळुंकी म्हणाली. मग तिने गळा फुगवला आणि नगाऱ्यांचा आवाज काढला. ढम, ढम, ढमाढम. दोन ठोक्यांच्या मधल्या फटींतून कंदाईचा थकलेला आवाज जसाच्या तसा ऐकू आला. "तुम्ही माझं अन्न नासवलंत आणि दोष मला दिलात. आजपासून जे ऊन पाहील ते तुमची ताटं भरील, पोटं भरणार नाही. या राज्याचा राजा माझं अन्न आपल्या हातांनी मातीतून काढील आणि ओट्यावर न मिरवता लेकीच्या पानात वाढील, त्या दिवशी हा शाप संपेल."

म्हाळसाने कपाळावर हात मारला. "मेले, हे तू नऊ वर्षं का नाही सांगितलंस?"

"सांगत होते. दर वेळी तुम्ही 'किती कलकलते' म्हणून फडकं मारलंत."

म्हाळसा उठली, हात धुतले आणि राजापुढे जाऊन उभी राहिली. "महाराज, तेरा दिवसांची रजा हवी."

"लेकरू जायला टेकलंय, म्हाळसे. अशा वेळी कुठे जातेस?"

"एका बाईची क्षमा मागायला."

राजा म्हणाला, "जा. तेराचे चौदा करू नकोस."

सहा दिवसांची वाट होती. साळुंकी पुढे, म्हाळसा मागे. पहिल्या दिवशी रान लागलं, तिसऱ्या दिवशी एक बोलणारी नदी लागली. पण तिची बडबड तिच्याच माहेरची होती, म्हणून या थांबल्या नाहीत. सहाव्या दिवशी धुक्याचं पठार आलं. कंदाई शेताच्या बांधावर बसून खुरपं घासत होती.

"कोण?"

"म्हाळसा. सूर्याच्या राज्यातून आले. बटाटा मागायला."

"मागून मिळत नाही. तीन कामं आहेत. पहिलं हे शेत. यातलं अन्न कोणतं ते काढून दे. चुकलीस तर आल्या वाटेने परत."

म्हाळसा शेतात उतरली. काही झाडांवर जांभळी-पांढरी फुलं होती, इतकी सुंदर की देवाला वाहावी. काहींवर बोराएवढी हिरवी फळं लोंबत होती. काही झाडं पिवळी पडून जमिनीवर लोळत होती. म्हाळसाने फळाला हात घातला आणि थांबली. साळुंकी सहा दिवसांची उपाशी होती. बांधावरची गवताची बी ती टिपत होती, पण फळांकडे ढुंकूनही पाहत नव्हती.

"मी काही बोलणार नाही हं," साळुंकी म्हणाली. "परीक्षा तुमची आहे."

"बोलू नकोस. ज्या फळाला पाखरू चोच लावत नाही, ते मी चुलीवर ठेवत नाही." ती पिवळ्या पडलेल्या झाडापाशी गेली. झाड मेलं होतं, पण कीड नव्हती, पाणी कमी नव्हतं. आपलं सगळं कुणाला तरी देऊन टाकून जीव सोडलेल्या म्हाताऱ्या माणसासारखं ते पडलं होतं. दिलं कुणाला? तिने खाली उकरलं. मातीत अकरा बटाटे होते.

कंदाईने मान डोलावली. "दुसरं काम. खोपटाखाली तळघर आहे. त्यातलं सर्वांत मोलाचं उचलून आण. दिवा न्यायचा नाही. ज्याने दिवा नेला त्याला सोनं दिसलं, आणि ज्याला सोनं दिसलं तो आजवर वर आलेला नाही."

आता हे ऐका. म्हाळसा चाळीस वर्षांची होती आणि तिने उभ्या जन्मात अंधार पाहिला नव्हता. डोळे मिटले तरी दिव्यांचा लाल उजेड पापण्यांतून येई, त्यातच ती झोपत आली होती. पहिल्या पायरीवर तिने भिंत धरली. पाचवीवर ती खाली बसली. मग तिला अरुणिकेची मान आठवली, उशीवर एका बाजूला कललेली, आणि ती बसत बसत उरलेल्या पायऱ्या उतरली.

खाली काहीच दिसत नव्हतं. थोडा वेळ गेला आणि तिच्या ध्यानात आलं, की इथे कुणी तिला काही करत नाहीये. अंधार नुसता होता. गार होता, थोडा मायाळूच होता. तिने हात पुढे केला. एका बाजूला गुळगुळीत, जड, थंडगार गोळे लागले, त्यांना कसलाच वास नव्हता. दुसऱ्या बाजूला खरखरीत, हलके गोळे होते आणि त्यांना मातीचा वास होता. तिने खरखरीत गोळ्यांनी ओटी भरली आणि वर आली.

"सोनं हाताला नाही लागलं?" कंदाईने विचारलं.

"लागलं. पण ते शिजत नाही."

कंदाईच्या तोंडावर पहिल्यांदाच हसू आलं. "तिसरं काम. हे शिजव आणि मला वाढ."

चुलीशेजारी फळी होती. फळीवर तुपाचा डेरा, केशर, खडीसाखर, बदाम, वेलदोडे, चाळीस मसाल्यांच्या चाळीस पुड्या. राजाच्या मुदपाकखान्यातही एवढं सामान नव्हतं. म्हाळसाचे हात क्षणभर शिवशिवले. शेवटी तिने मडक्यात पाणी घेतलं, बटाटे धुतले, सालीसकट उकडले, फोडले आणि वर मिठाची चिमूट टाकली.

"तळले का नाहीस?"

"पहिल्यांदा भेटणाऱ्या माणसाला त्याच्या तोंडाने बोलू द्यावं. तुपात टाकलं असतं तर तूपच बोललं असतं."

"साल का ठेवलीस?"

"चव सालीलगत असते. बळही तिथेच असतं. शिजताना ते पाण्यात जाऊ नये."

कंदाईने एक बटाटा घेतला, एक म्हाळसापुढे केला. "तूही खा. माझ्या घरात पाहुण्याला माझा शाप लागत नाही."

म्हाळसाने फुंकून खाल्ला. मग आणखी अर्धा खाल्ला. उरलेला अर्धा तिने हातात धरला आणि तो तिला खावासा वाटेना. नऊ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ती घाबरून म्हणाली, "कंदाई, मी आजारी पडले बहुधा. घास नको वाटतोय."

"आजारी नाही, पोरी. तुझं पोट भरलं."

म्हाळसाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिला राणी आठवली.

कंदाईने तिला रडू दिलं. मग म्हणाली, "कामं तीन झाली. प्रश्न एक राहिला. त्या दिवशी चुलीपाशी कोण होतं?"

"मी होते," म्हाळसा म्हणाली. "रंग पाहिला होता. कडू लागलं होतं. तुम्ही सांगितलेलं आठवत होतं. बोलले नाही."

"का?"

"सगळे गप्प होते."

कंदाईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "नऊ वर्षं मी एवढंच ऐकायला बसले होते, की कुणीतरी म्हणावं, आम्ही पाहिलं होतं," ती म्हणाली. तिने काळ्या मातीची झाकणाची हंडी काढली आणि तीत मोजून तीन बटाटे ठेवले. "एक लेकीसाठी. रोज अर्धा शिजव, अर्धा झाकून ठेव, सकाळी तो पुन्हा अख्खा असेल. ऊन दिसलं की ही किमया गेली. आणि याने जीव राहील, पोट भरणार नाही. ते तिच्या बापाच्या हातूनच व्हायचं. दुसरा मातीसाठी."

"आणि तिसरा?"

"तिसरा रिवाजासाठी. रिवाजाशी भांडू नये, बाई. त्याला त्याचा वाटा द्यावा, म्हणजे तो स्वतःच उघडा पडतो."

तेराव्या दिवशी दुपारी म्हाळसा राजवाड्याच्या दारात उभी राहिली. हंडी उराशी, पदर झाकणावर. दारात प्रधान तेजोनिधी होता. तोही आता इतका वाळला होता, की त्याचा कमरपट्टा खांद्याला बांधावा लागे.

"हंडीत काय?"

"बटाटे."

प्रधानाला जुनी कळ आठवली. तो दोन पावलं मागे सरला. "उघड. ओट्यावर मांड. सात उन्हं. नाहीतर मान."

आवाज ऐकून राजा बाहेर आला. म्हाळसाने झाकणावरचा हात काढला नाही. "महाराज, एक मी ओट्यावर ठेवते. रिवाज मोडत नाही. पण दोन झाकलेले राहतील, आणि त्यातला एक मी पोरीला भरवेन. सात दिवसांनी ती नसली तर मान घ्या. आज हंडी उघडलीत तर दोन दिवसांनीच ती नसेल."

"महाराज," प्रधान म्हणाला, "सात पिढ्यांत असं झालेलं नाही."

आतून, उघड्या दारातून, अरुणिकेचा आवाज आला. "माय आली का? काही खायला आणलं का?" आवाज एवढा बारीक होता, की जेमतेम ऐकू आला.

राजाने खांद्यावरचा भरजरी शेला काढला, ज्यावर सोन्याच्या तारेने सूर्य विणला होता. तो त्याने स्वतःच्या हाताने हंडीभोवती गुंडाळला. "सात दिवस," तो म्हणाला.

म्हाळसाने पदराआडून एक बटाटा काढून ओट्यावर ठेवला. लेकीसाठी दिलेला आत नेऊन चिरला, अर्धा झाकून ठेवला, अर्धा उकडून कुस्करला, मीठ घालून राजकन्येला भरवला. अरुणिकेने बोटंसुद्धा चाटली. "आणखी आहे?"

"उद्या, बाळे."

दुसऱ्या सकाळी हंडीतला अर्धा बटाटा अख्खा झाला होता. तिसऱ्या दिवशी मुलीने मान उचलली. पाचव्या दिवशी ती तक्क्याला टेकून बसली आणि साळुंकीशी भांडली. राजा रोज दाराशी येऊन पाही आणि परत जाई. जाताना तो ओट्याकडेही पाही. तिथला बटाटा दिवसेंदिवस हिरवा होत चालला होता.

सातवं ऊन उतरलं तेव्हा म्हाळसाने दरबारात पाट मांडला. ओट्यावरचा हिरवा बटाटा चिरून ठेवला आणि शेजारी हंडीतली फोड ठेवली, पांढरी स्वच्छ.

"दोघे एकाच शेतातले, महाराज. एकाला ऊन दाखवलं, एकाला नाही. त्या बारशाच्या वेळी मी जे शिजवलं त्याचा रंग हा असाच होता. मी पाहिलं होतं, चाखलंही होतं. कडू होतं. मी बोलले नाही. कंदाईने विष आणलं नव्हतं. ते आपण ओट्यावर तयार केलं." "राणीसाहेब माझ्या गप्प राहण्याने गेल्या. शिक्षा द्या."

राजाने विचारलं, "जाताना म्हातारी काय म्हणाली होती? कुणाला ठाऊक आहे?"

"आता विचारलंत," साळुंकी तुळईवरून म्हणाली, आणि तिने नगाऱ्यांसकट सगळं ऐकवलं.

राजा सिंहासनावरून उठला. "म्हाळसे, तू गप्प राहिलीस. नगारे मी वाजवले. जी बोलत होती तिचंही मी ऐकू दिलं नाही. तुझी शिक्षा मोठी की माझी?" त्याने मुकुट उतरवून प्रधानाच्या हातात दिला. "कुदळ आणा."

सूर्यओट्याचे अर्धे दगड उचलले गेले. खाली हलकी, तांबूस, सात पिढ्या न उघडलेली माती होती. कंदाईने मातीसाठी दिलेल्या बटाट्याला सात डोळे होते, कोंब फुटायच्या सात जागा. म्हाळसाने एकेक डोळा धरून त्याचे सात तुकडे केले, कापलेल्या बाजूला चुलीतली राख लावली. राजाने सऱ्या पाडल्या. पहिली वाकडी गेली, दुसरीही वाकडीच गेली. म्हाळसाने लावणी केली. रोपं वर आल्यावर त्यांच्या बुडाशी मातीची भर घालायची असते. ती प्रधान तेजोनिधीने घातली. पाठ धरली, पण घातली. तीन महिने राजा रोज खुरपत होता. लोक कुंपणाशी येऊन पाहत. राजाला घाम येतो, ही गोष्ट त्यांना नवी होती.

अरुणिका त्या तीन महिन्यांत रोजच्या अर्ध्या बटाट्यावर चालू लागली. पण भूक तिची गेली नाही.

एका सकाळी झाडं पिवळी पडून लोळली. राजा गुडघ्यांवर बसला आणि त्याने दोन्ही हात मातीत घातले. पहिल्या झाडाखाली अकरा निघाले, दुसऱ्याखाली सतरा. सातव्याखाली किती निघाले ते मोजणाऱ्याने सांगितलं नाही, कारण टोपल्या संपल्या तरी राजाचे हात रिकामे बाहेर येत नव्हते. निघेल तसा बटाटा पोत्यांखाली झाकत गेले. एकही ओट्यावर गेला नाही.

मैदानात मोठी पातेली चढली. अख्खं राज्य पंगतीला बसलं. पंगतीच्या टोकाला घोंगडी पांघरलेली एक म्हातारी येऊन बसली. राजाने तिला ओळखलं. जवळ जाऊन त्याने तिच्यापुढे डोकं टेकवलं.

"आधी लेकीला वाढ," कंदाई म्हणाली. "मी काही आज उपाशी नाही."

राजाने अरुणिकेच्या पानात बटाटा वाढला. त्याच्या नखांत माती होती. मुलीने खाल्ला. त्याने दुसरा वाढला. तिने तोही खाल्ला, सालीसकट. त्याने तिसरा उचलला आणि तिचा हात आपोआप पुढे येऊन पानावर आडवा झाला. ती स्वतःच त्या हाताकडे बघत राहिली.

"घे ना, बाळ."

"आबा, काहीतरी होतंय. आणखी नकोसं वाटतंय. पण दुखत नाही. बरं वाटतंय." ती म्हाळसाकडे वळली. "माय, असं वाटलं की काय म्हणायचं असतं?"

म्हाळसाने झारा पातेल्यात ठेवला. मग ती म्हणाली, "पुरे म्हणायचं असतं, बाळे."

"पुरे," अरुणिका म्हणाली.

राजा तिथेच मातीत बसून रडला. तेवढ्यात शेजारच्या पंगतीत कुणीतरी ताटावर हात धरला, मग पलीकडे, मग त्याही पलीकडे. दूरपर्यंत म्हातारे आणि पोरंसोरं तोच शब्द म्हणत होते, कुणी हसत, कुणी चाचरत. बारा नगारे त्या दिवशी गप्प होते, म्हणून तो सगळ्यांना नीट ऐकू आला.

सूर्यओटा अर्धा राहिला. त्यावर गहू, मिरच्या, पापड वाळत, कारण सूर्याचा मान सूर्याला. उरलेल्या अर्ध्यात बटाटे पिकत. घरोघर एक दार लावलेली गार, अंधारी खोली झाली. गरिबाघरीही ती असे, कारण तिला लागतं काय, तर चार भिंती आणि एक दार. हद्दपारीचे नगारे पुढे धान्य मोजायची मापं म्हणून कामी आले. घुबडं परत आली.

अशी ही झाकल्या हंडीची कथा. सांगणाऱ्याच्या चुलीवर पातेलं उकळो, ऐकणाऱ्याच्या पानात ऊन ऊन बटाटा पडो, आणि दोघांच्याही ताटावर वेळेवर आडवा हात येवो.